मानेची सवय

अण्णांच्या जाकिटाची पाठ माझ्या मुठीत आली म्हणून ते वाचले. दुसरं काही कारण नाही.

स्टुटगार्टमध्ये आमच्या घरापासून तीन मिनिटांवर ट्रामचा थांबा आहे. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, सकाळचे आठ, अण्णांना भारतातून येऊन चौथा दिवस. रस्त्याच्या कडेला येऊन ते थांबले. उजवीकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी रुळांवर पाऊल टाकलं. आणि डावीकडून पिवळी ट्राम आली, जवळपास चाळीस मीटर लांबीची, घंटा वाजवत. एवढी जड गाडी रुळावर जागच्या जागी थांबत नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी त्यांना ओढलं, आम्ही दोघं मागे कोलमडलो, ट्राम समोरून निघून गेली.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. वाई डेपो, ३१ वर्षं, एकही अपघात नाही. पसरणी घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याची मोजदाद नाही. पाचगणी, महाबळेश्वर, पुढे आंबेनळीतून पोलादपूरकडे. श्रावणातल्या धुक्यात, समोरच्या काचेवर पाण्याची चादर असताना. निवृत्तीच्या दिवशी डेपोत शाल-नारळ मिळाला, त्याचा फोटो आजही बाहेरच्या खोलीत आहे. असा माणूस रस्ता ओलांडताना जाईल, ही कल्पना मी कधी केली नव्हती. काळजी मला त्यांच्या रक्तदाबाची होती, विमानात पाय सुजण्याची होती, जेवणाची होती.

ते दिवसभर गप्प होते. रात्री भांडी आवरताना म्हणाले, "मी बघितलं होतं गं."

"हो अण्णा, मी पाहिलं तुम्हाला बघताना."

"बघितलं होतं. पण जिकडून यायचं तिकडं न्हाई."

त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही. निष्काळजी माणसाला सावध करता येतं. पण इथे माणूस सावधच होता. त्याची सावधगिरीच उलट्या दिशेला तोंड करून उभी होती.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं: आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. ते इतकं मुरतं की डोक्यातून निघून मानेत जाऊन बसतं. पन्नास-साठ वर्षं ती मान आपल्याला न विचारता वळते आणि म्हणूनच आपण जिवंत असतो. देश बदलला तर डोक्याला लगेच कळतं की इथे गाड्या उजव्या अंगाने चालतात. मानेला कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना चर्चिलची गोष्ट सांगितली. १३ डिसेंबर १९३१ ची रात्र, न्यूयॉर्कचा फिफ्थ अव्हेन्यू. मित्राचं घर शोधत चर्चिल टॅक्सीतून उतरले आणि रस्ता ओलांडताना इंग्लंडच्या सवयीने नको त्या बाजूला पाहिलं. मोटारीने त्यांना उडवलं. वाचले, पण जबर लागलं, आणि चूक आपलीच होती असं त्यांनी स्वतः सांगितलं. अण्णांनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली. "म्हंजे त्याचीबी मानच," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. लाज वाटणारा माणूस रस्त्यावर आणखी घाबरून चालतो, म्हणून मला ती लाज आधी घालवायची होती.

लंडनमध्ये कित्येक ठिकाणी रस्त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत 'लुक राइट' असं लिहिलेलं असतं ते बाहेरून येणाऱ्यांच्या मानेसाठीच. इथे स्टुटगार्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही. जगातली साधारण एक तृतीयांश माणसं डाव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांत राहतात, आपण त्यांतले. इंग्रजांमुळे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोव्याचं मला फार उशिरा कळलं. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली, तरी गोवा डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडे सगळा हिंदुस्थान डावीकडे चालत होता. शेजाऱ्याशी समोरासमोर टक्कर नको, हे लिस्बनहून आलेल्या हुकमापेक्षा मोठं ठरलं.

आणि स्वीडन. ते १९६७ पर्यंत आपल्यासारखंच डावीकडून चालत होतं. ३ सप्टेंबरच्या रविवारी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबली, हळूच उजव्या बाजूला गेली, पुन्हा थांबली आणि ५ वाजता सगळा देश उजवीकडून चालू लागला. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्यानंतर लगेचच्या काळात अपघात वाढले नाहीत, कमी झाले. मग एक-दोन वर्षांत हळूहळू पूर्वीच्या पातळीवर आले. मी त्याचा अर्थ असा लावते: त्या पहिल्या महिन्यांत एकही स्वीडिश माणूस स्वतःच्या मानेवर विश्वास ठेवत नव्हता. प्रत्येक वळणावर थांबून, विचारून, पुन्हा बघून जात होता. नवी बाजू सवयीची झाली आणि विश्वास परत आला.

परदेशी रस्त्यावरचे पहिले दोन दिवस म्हणूनच मला फारसे भीतीचे वाटत नाहीत. तेव्हा आपण घाबरलेलेच असतो. चौथा दिवस वाईट. अण्णांचा चौथाच होता.

त्याच आठवड्यात माझी लेक पहिलीत गेली. इथे पहिलीच्या मुलांना पिवळ्याधमक टोप्या देतात, काही ठिकाणी छातीवर चमकणारा त्रिकोणी पट्टा, म्हणजे गाडीवाल्याला लांबून कळावं की हे पोर रस्त्याला नवीन आहे. पालकांनी शाळेपर्यंतचा रस्ता मुलांबरोबर चालून शिकवायचा असतो, कुठे ओलांडायचं, कुठे नाही, आणि मग काही आठवड्यांत मुलं आपली आपण जाऊ लागतात. चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात. अण्णांना हे फार आवडलं. "पोलिसानं पोराला सायकल शिकवायची," असं ते दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले.

मी ठरवलं की दोघांनी एकत्र शिकायचं. सहा वर्षांची नात आणि एकाहत्तर वर्षांचे आजोबा रोज सकाळी हात धरून निघायचे. कडेला थांबायचं आणि मोठ्याने म्हणायचं: "लिंक्स, रेष्ट्स, लिंक्स." डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मोठ्याने म्हणण्याचा आग्रह माझा होता. मनात म्हटलेलं मानेपर्यंत पोचत नाही. अण्णा शब्द म्हणताना हातही त्या दिशेला करायचे, एसटीच्या खिडकीतून मागच्या गाडीला करतात तसा. नात त्यांना तपासायची. ते चुकले की दोघंही कडेवरून एक पाऊल मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून.

ओलांडणं हा धोक्याचा एक भाग झाला. दुसरा कुणाच्या फारसा लक्षात येत नाही, तो गाडीच्या दाराचा. आपल्याकडे मागच्या सीटवर डावीकडे बसलेला माणूस निर्धास्त उतरतो, कारण त्याच्या बाजूला फुटपाथ असतो. इथे डावी बाजू रस्त्याची. अण्णा सवयीने डावीकडे बसले, गाडी थांबताच दाराला हात घातला, आणि मी ओरडले तोवर दार वीतभर उघडलं होतं. सायकलवाली बाई दाराला घासून गेली. तिने मागे वळून पाहिलं, बोलली काही नाही, पण तिचे हात थरथरताना मला दिसले. त्यानंतर आमच्या गाडीत नियम झाला: म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी उजवीकडूनच उतरायचं. आणि ज्याला डावीकडून उतरावंच लागेल त्याने दार उजव्या हाताने उघडायचं. लांबचा हात आणला की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारं दिसतं. ही युक्ती नेदरलँड्समध्ये जुनी आहे.

सायकलींच्या वाटा तर आपल्या माणसांना दिसतच नाहीत. फुटपाथचा अर्धा भाग वेगळ्या रंगाच्या फरशीचा असतो, किंवा मध्ये फक्त एक पांढरी रेघ असते. त्या रेघेपलीकडे पाऊल गेलं की आपण वाहत्या रस्त्यात असतो. आईबाबांना इथे आणणाऱ्या सगळ्यांना मी सांगते, पहिल्या संध्याकाळी त्यांना चर्च आणि बाग दाखवू नका, ती रेघ दाखवा.

झेब्रा क्रॉसिंगवर वेगळीच अडचण झाली. अण्णा पट्ट्यांसमोर उभे राहिले की गाडी थांबायची. अण्णा हात हलवून गाडीला "जा बाबा" म्हणायचे. गाडीवाला हात करून यांना जायला सांगायचा. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला, आपण पायी असताना आपल्यासाठी कुणी थांबतंय, हे पटेना. हळूहळू पटलं. मग मला दुसरी भीती वाटू लागली. पट्टे दिसले की ते न बघता चालू लागले. इथल्या कायद्यात झेब्रावर पादचाऱ्याचा हक्क पहिला, पण रुळांवरच्या गाडीला तो लागू नाही. मोटार थांबेल, ट्राम थांबणार नाही. आणि सिग्नलवर चालणाऱ्याला हिरवा असतो तेव्हा वळणाऱ्या गाड्यांनाही पुष्कळदा हिरवाच असतो. त्यांनी आपल्याला वाट द्यायची असते, पण मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला बाजूचा माणूस दिसेलच असं नाही. हे मात्र अण्णांना समजावावं लागलं नाही. केबिनमधून काय दिसत नाही ते त्यांना पाठ होतं. "त्याचा डोळा बघायचा," त्यांनी नातीला सांगितलं. "डोळ्याला डोळा भिडला तरच पाय उचलायचा." हे वाक्य मराठीतच तिच्या डोक्यात राहिलंय आणि मला त्याचा फार आनंद आहे.

रस्त्याची भाषा प्रत्येक देशाची निराळी असते, आणि तिच्यात एकच शब्द दोन उलट अर्थांनी येतो तेव्हा घात होतो. डिपर घ्या. ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावात अरुंद पुलाशी मी पोचले, समोरून गाडी आली, तिने दिवे मारले. मी गाडी पुढे घेतली आणि शेजारी अण्णांनी डॅशबोर्ड धरला. "थांब! त्यो येतोय!" आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. इथे अशा जागी दिवे मारले की लोक 'या, तुम्ही आधी' असं समजतात. मी अण्णांना हसत हसत समजावलं. आणि दोन महिन्यांनी पुण्यात, भावाची गाडी चालवताना, सातारा रस्त्यावर समोरच्या टेम्पोने डिपर मारला, मी त्याचे आभार मानत वळले. टेम्पो माझ्या दारापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. टेम्पोवाला शिव्या देत नव्हता, तो पांढरा पडला होता. अण्णा मागे बसले होते. तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत.

मी इथे नऊ वर्षं गाडी चालवतेय. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आलेल्या माणसाला फक्त सहा महिने चालवता येतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात दहा वर्षं चालवलेली मी पहिल्या प्रत्यक्ष परीक्षेत नापास झाले. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला मूळ नियम. मी जात असलेला रस्ता रुंद होता, तो गल्लीतून येत होता, माझ्या मनाने कौल दिला की मोठा रस्ता आधी. शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी ब्रेक दाबला. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या बाईंनी ब्रेक दाबला म्हणून कुणीतरी सुखरूप घरी गेलं.

पास झाल्यावर दोन वर्षांनी जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारची पहाट, धुकं, बेकरीच्या आवारातून गाडी बाहेर काढली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मनात आईच्या आजारपणाचे विचार. दोनशे मीटर गेल्यावर समोर दोन दिवे दिसले, आणि ते माझ्याच लेनमध्ये होते. म्हणजे मी त्यांच्या लेनमध्ये होते. मी डावीकडून चालले होते, शांतपणे, पुण्यात चालते तशी. त्या माणसाने गाडी गवतात घातली. कुणाला काही झालं नाही.

तेव्हापासून मला कळलं की जुनी सवय गर्दीत परत येत नाही. गर्दीत इतर गाड्या तुम्हाला ओढून नीट नेतात. ती येते मोकळ्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, हॉटेलच्या आवारातून सकाळी निघताना, फोटो काढायला थांबून पुन्हा गाडी सुरू करताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी लागतो तिथे. अशा वेळी शेजारच्या सीटवरच्या माणसाने एक शब्द म्हणायचा, "उजवी." दर वेळी, कंटाळा येईपर्यंत.

दरवर्षी उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी निरोप येतो: सात सीटची गाडी घेऊन स्वित्झर्लंड करायचंय, काय काळजी घ्यावी? आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, मूळ लायसन्स, विमा हे सगळे विचारतातच. मी सांगते ते त्यांना आवडत नाही. उतरल्या दिवशी गाडी हातात घेऊ नका. रात्रभर विमानात बसून, साडेतीन तास मागे आलेल्या घड्याळात, अनोळखी बाजूला बसून पहिल्याच दिवशी दोनशे किलोमीटर चालवण्यात जी बचत होते ती एका हॉटेलच्या रात्रीची असते. गाडी ऑटोमॅटिकच मागा, नाहीतर गियरसाठी डावा हात दारावर आपटत राहतो. इंडिकेटरची दांडी आपल्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे, इथे डावीकडे. वळताना वायपर फिरू लागतात, नजर काचेवर जाते, आणि नेमकी तेव्हाच ती रस्त्यावर हवी असते. आणि थायलंड-बालीला जाणाऱ्या तरुण मुलांना एकच: तिथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात म्हणून घरच्यासारखं वाटेल. तरी दुचाकीचा वैध परवाना नसेल तर भाड्याची स्कूटर घेऊ नका. पडलात तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते.

सप्टेंबरच्या शेवटी अण्णांना मी स्वित्झर्लंडला नेलं. गाडीने नाही, मायरिंगेनहून ग्रिमसेल खिंडीकडे जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबसने. आम्ही शिखरं बघत होतो, अण्णा ड्रायव्हरला बघत होते. आंधळं वळण आलं की तो तीन सुरांचा भोंगा वाजवायचा, डोंगर दुमदुमायचा. तिथल्या घाटांतल्या टपालमार्गांवर पोस्टबसच्या ड्रायव्हरने हात केला की इतर गाड्यांनी त्याचं ऐकायचं असतं, थांब म्हटलं तर थांबायचं, मागे घे म्हटलं तर मागे. अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट. उतरताना ड्रायव्हरने खालचा गियर टाकला, इंजिन घोघावलं, आणि अण्णांचा उजवा पाय नकळत हलला ते मी पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "डावं-उजवं सरकारनं ठरवलेलं. उतार देवानं केलेला. त्यो सगळीकडं सारखाच."

इतके दिवस त्यांना जे येत होतं ते सगळं इथे चुकीचं ठरत होतं. त्या बसमध्ये पहिल्यांदा त्यांना घरचं काही सापडलं. खिंडीवर उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरशी हात मिळवला. भाषा नव्हती, पण स्टिअरिंग फिरवल्याची खूण करून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. तो माणूस केबिनमधून खाली उतरला आणि दोघं बराच वेळ बसच्या पुढच्या चाकाशी उभे राहिले.

मग मी त्यांना मर्सिडीजच्या संग्रहालयात नेलं, आणि बेर्था बेंझची हकिगत वाचून दाखवली. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन ती दोन मुलांबरोबर मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी निघाली, शंभरावर किलोमीटर. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी ढकललं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. "म्हंजे लायनर," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ त्या गाडीसमोर उभे होते. घाटात ब्रेकवर जगलेल्या माणसाला त्या चामड्याचं मोल कळतं.

परतीच्या आठवड्यात आम्ही महामार्गावर अडकलो. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. गाड्यांचा वेग मंदावला तशा डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे, आणि मधोमध एक वाट तयार झाली. अजून रुग्णवाहिकेचा आवाजही नव्हता. इथे नियमच असा, वाहतूक रेंगाळू लागताच वाट करून ठेवायची. न करणाऱ्याला किमान २०० युरो दंड. थोड्या वेळाने निळे दिवे आले आणि त्या वाटेतून सरळ निघून गेले.

अण्णा त्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिले. मग त्यांनी मला खंबाटकी घाटातली एक रात्र सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. पुढे ट्रक उलटलेला, मागे एसटी, तिच्यामागे रुग्णवाहिका, आत बाळंतीण. पाऊण तास. कंडक्टर आणि अण्णा उतरून एकेका गाडीला कडेला घ्यायला सांगत होते, कुणी ऐकत होतं, कुणी नाही. "बोलून वाट हुईना," ते म्हणाले. "आधीच केलेली पायजे." त्या बाईचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही.

मी त्यांना आकडे सांगितले. १९७० साली दोन्ही जर्मनींत मिळून रस्त्यांवर २१ हजारांहून जास्त माणसं मेली. २०२२ मध्ये त्याच भूमीवर २,७८८. त्याच वर्षी आपल्या देशात १,६८,४९१, आणि त्यांतली पंधरा हजारांहून जास्त महाराष्ट्रात. म्हणजे ही माणसं जन्मतः शिस्तीची नव्हती. वेगाची मर्यादा आली, दारूची मर्यादा आली, सीटचा पट्टा सक्तीचा झाला, रस्ते बदलले, आणि पन्नास वर्षं लागली. अण्णांनी हिशेब केला नाही, नुसतं म्हणाले, "रोज एक बस भरून न्हाई, लई बशी भरून." ते खरंच आहे. दिवसाला साडेचारशेहून जास्त माणसं होतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली आणि संध्याकाळी साडेपाचला काळोख पडू लागला. अण्णांचं जाकीट काळं. मी चमकणारा पट्टा आणला तेव्हा मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. त्यांनी मुकाट्याने दंडावर बांधला. उसाच्या हंगामात रात्री दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते तेव्हा काय होतं ते त्यांनी पाहिलंय; मागे लावलेला एक लाल चमकता पत्रा किती माणसं वाचवतो हेही. त्यांच्या खिशात मी एक कार्ड ठेवलं होतं, जर्मनमध्ये नाव, पत्ता, माझा फोन, रक्तगट, औषधं. वर मोठ्या आकड्यांत ११२. हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो आणि आता भारतातही तोच आहे, हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

शेवटच्या आठवड्यात ते एकटे बेकरीत जाऊन ब्रेड आणू लागले होते. मी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं. ते ट्रामच्या रुळांपाशी थांबले. ओठ हलले. हात डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग पाय उचलला.

इथे एक म्हण आहे, हिवाळी टायरांबद्दल: ओ ते ओ. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत. त्यानंतर उन्हाळी टायर चढवायचे. मी हे अण्णांना कधीतरी सहज सांगितलं होतं. आता दर ऑक्टोबरला वाईहून फोन येतो. पीकपाणी, गुडघे, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, आणि मग मध्येच: "टायर बदलले का?"

गेल्या वेळी गावी गेले तेव्हा स्वयंपाकघरात नवं कालनिर्णय लागलेलं होतं. गुड फ्रायडेच्या पुढच्या रविवारच्या चौकटीत अण्णांनी निळ्या पेनने लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'पोरीचे टायर'.